गंजाच्या भरवशावर: एका प्रकल्पाच्या नोंदी

१६ डिसेंबर २०२४, धुळे

गोणी आली. मॅडमच्या ओळखीतून, कर्नाटकातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीवरून. पंचवीस किलो. ट्रान्सपोर्टवाल्याने वर "खत" असं लिहून ठेवलं होतं, ते आधी खोडलं.

आत राखाडी भुकटी, मध्येच तांबूस-पिवळ्या गुठळ्या. बोटांत (हातमोजे घालून) चोळली तर मैद्यासारखी लागते, ओली केली की शाडूसारखी. प्रयोगशाळेतले नाना म्हणाले, "ताई, हाई काय शे?" म्हटलं, सोनं काढून उरलेला चोथा. नानांनी गोणी परत एकदा नीट पाहिली.

१९ डिसेंबर

मॅडमनी सांगितलंय की वहीत पहिल्यांदा साध्या मराठीत लिही, म्हणजे आपल्यालाच कळलंय की नाही ते कळतं. तर:

सोन्याचा दगड दळून पीठ करतात, रसायनात धुतात, सोनं निघतं. एक टन दगडात सोनं काही ग्रॅम. बाकी जवळजवळ सगळा टन पाण्यात कालवून नळाने बांधावर सोडतात. गाळ खाली बसतो, वरचं पाणी काढून घेतात. याला टेलिंग म्हणायचं आणि त्या बांधाला टेलिंग डॅम. डोळ्यापुढे आणायचं तर भुसावळजवळच्या दीपनगरचं राखेचं तळं आणावं. तिथे वीज केंद्राची राख असते, इथे दळलेला दगड, रचना तीच.

सोन्याच्या खनिजासोबत पुष्कळदा आर्सेनोपायराइट असतं: लोखंड, आर्सेनिक आणि गंधक एकत्र. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात हे नसल्यात जमा, म्हणून तर गोणी लांबून आणावी लागली. दगडात बंद असेपर्यंत ते गरीब असतं. दळलं, हवा-पाणी लागलं, की गंधकाचं आम्ल होतं, लोखंडाचा गंज होतो आणि आर्सेनिक सुटतं.

सुटून जातं कुठे, हा आपला प्रश्न. पुस्तक म्हणतं, गंजावर जाऊन बसतं. म्हणजे खाणीचा गाळ सांभाळतो कोण? बांध नाही, गंज. गोणीतल्या तांबूस गुठळ्या त्याच.

आर्सेनिकला आपल्याकडे जुने शब्द आहेत: सोमल, हरताळ, मनशीळ. सोमल म्हणजे आर्सेनिकची ऑक्सिजनशी गाठ, पांढरा. हरताळ आणि मनशीळ गंधकाशी गाठ, एक पिवळा, एक लाल. वैद्यांना आणि चित्रकारांना हे तिन्ही माहीत होते. आमच्या बीएस्सीच्या पुस्तकात मात्र एकाचंही मराठी नाव नव्हतं.

२ जानेवारी २०२५

नळ्या उभ्या केल्या. नानांनी चार इंची पीव्हीसी पाइप करवतीने साठ-साठ सेंटिमीटरचे कापले, खाली झाकण, झाकणाला ठिबकचा कॉक. कापूस-कांद्याच्या घरातला माणूस, ठिबकचं कुठलं जोडकाम कुठे लागतं ते मला शिकवू नका म्हणाले. तळाला धुतलेली वाळू, वर चाळीस सेंटिमीटर गाळ.

क: उघडा. आठवड्यातून एकदा पाणी, मग निथळू द्यायचा.
ख: वर कायम पाच सेंटिमीटर पाणी.
ग: वर काळी माती आणि शेणखत यांचा दहा सेंटिमीटर थर, ओला ठेवायचा.
घ: सध्या क सारखाच, राखीव.

ख आणि ग हे खाण बंद करतानाचे दोन सरळ उपाय. पाण्याखाली ठेवलं की हवा लागत नाही, आम्ल होत नाही. माती घालून हिरवं केलं की धूळ उडत नाही आणि डोळ्यांनाही बरं दिसतं. माझा अंदाज: ग जिंकेल. मॅडमनी विचारलं का, तर म्हटलं, माती आपली आहे ना. हसल्या नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. कॉक बंद, सुट्टी. नानांना तिळगूळ.

२५ जानेवारी

आज ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यूचा बांध फुटल्याला सहा वर्षं झाली. लोहखनिजाच्या खाणीचा टेलिंग डॅम, २०१९, दुपारची वेळ, २७० माणसं गेली. ते चित्रीकरण मॅडमनी वर्गात दाखवलं: बांध उभ्याउभ्या पाघळतो. खाणीच्या गाळाचं नाव निघालं की सगळ्यांना हेच आठवतं आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या चार नळ्यांतून जे थेंब पडतात त्यांचा आवाजसुद्धा येत नाही. फुटलेल्या बांधाची चौकशी होते. झिरपणाऱ्या बांधाखालच्या विहिरीची वर्षानुवर्षं होत नाही.

७ फेब्रुवारी

दर बुधवारी पाणी काढते, शुक्रवारी तपासते. मधले दोन दिवस फ्यूम हूड (विषारी वायू ओढून घेणारं कपाट) दुसऱ्या बॅचकडे असतो आणि आर्सेनिक तपासायच्या किटमध्ये जस्त व आम्ल घातल्यावर निघणारा आर्सिन वायू उघड्यावर हुंगायची वस्तू नाही. वायू कागदाच्या तुकड्यावर जातो, पिवळा ते तपकिरी डाग पडतो, डाग रंगपट्टीशी ताडायचा: जितका गडद, तितकं आर्सेनिक जास्त.

क चं पाणी बघवत नाही. आंबट, पीएच ३.६, कॉकच्या तोंडाला गंजाची दाढी. पण आर्सेनिक थोडं. ख मधे त्याहून जास्त. ग चं पाणी काढलं तेव्हा काचेसारखं, पीएच ७.४, आणि शुक्रवारी डाग जेमतेम पिवळसर. सगळ्यात कमी!

नाना ग ची बाटली उजेडात धरून म्हणाले, "ताई, पानी तं नितळ दिखस, मंग यामा ईख कथा शे?" म्हटलं, नाहीच आहे फारसं, तेच तर.

२१ फेब्रुवारी

सेमिनार. आलेख दाखवला, ग सगळ्यात खाली. "काळ्या मातीचे आच्छादन: स्वस्त व परिणामकारक" हे शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत. टाळ्या. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "नमुन्यात ॲसिड टाकलं होतं का?" मी म्हटलं, किटला लागत नाही. ते "बरं" म्हणाले.

त्या "बरं"चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

१२ मार्च

शुक्रवारी धुलिवंदनाची सुट्टी. म्हणून पाणी काढलं आणि आजच, बुधवारीच, तपासलं. हूड नशिबाने रिकामा.

क, ख नेहमीसारखे. ग चा डाग पट्टीच्या शेवटच्या रंगापलीकडे, चॉकलेटी. किट बिघडलं समजून नवा कागद घेतला. तसाच. दहापट पाणी घालून पातळ केलं, तरी ०.२. म्हणजे लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०१. कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडायची मर्यादा ०.२. गेल्या आठवड्यापर्यंत हीच नळी "परिणामकारक" होती.

उरलेली बाटली तशीच ठेवून घरी आले.

१५ मार्च, शनिवार

बाटली पाहिली. बुधवारी नितळ होती, आता तळाला विटकरी गाळ, हळदीच्या पाण्यात लाल तिखट बसावं तसा. वरचं नितळ पाणी पिपेटने हलकेच काढून तपासलं: डाग जेमतेम पिवळसर. नेहमीचा, शुक्रवारचा रंग!

मग बाटली हलवून गाळासकट थोडं घेतलं, आम्ल घालून गाळ विरघळवला, तपासलं. चॉकलेटी.

तिथेच स्टुलावर बसले. दोन महिने मी ग चं आर्सेनिक मोजतच नव्हते. मी मोजत होते गंजाने खाली ओढून नेल्यावर वर उरलेलं.

झालं ते असं. शेणखतातले जिवाणू खातात, श्वासाला हवा लागते. ओल्या मातीखाली हवा संपली की ते गंजावर भागवतात. गंजातलं लोखंड विरघळणाऱ्या रूपात येतं, पाण्यात उतरतं आणि गंजच गेला म्हटल्यावर त्यावर बसलेलं आर्सेनिकही उतरतं. दोन्ही विरघळलेले, म्हणून पाणी नितळ. बाटलीत आलं, हवा लागली, लोखंडाचा पुन्हा गंज झाला, तो पुन्हा आर्सेनिकला घेऊन तळाला बसला. माझ्या बाटलीने दोन दिवसांत परस्पर पाणी शुद्ध करून दिलं आणि मी त्याचं श्रेय मातीला दिलं.

बंगालमधल्या हातपंपांत, खोल गाळाच्या थरात, हेच होतं. तिथे खाण नाही, पण गंज आहे, कुजका पाला आहे आणि हवा नाही.

सरांचा प्रश्न आता कळला. काढल्याक्षणी गाळायचं, लगेच नायट्रिक ॲसिडचे थेंब, पीएच दोनच्या खाली. मग गंज होत नाही, बाटलीत जे असतं ते दिसतं. पुस्तकात पान उघडून वाचलं होतं. हिरवी खूणही केलेली आहे त्यावर.

१८ मार्च

मॅडमना सांगितलं. वाटलं रागावतील. म्हणाल्या, "आलेख फाडू नकोस. त्याच कागदावर नवी रेघ काढ."

पूर्वी पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासत, पिवळ्या थराखाली चूक झाकायची आणि वर नवं लिहायचं. "हरताळ फासणे" तिथलंच. मी माझ्या शेवटच्या स्लाइडला आर्सेनिकनेच हरताळ फासला, असं मैत्रिणीला कळवलं. तिने फक्त अंगठा पाठवला.

आता दर वेळी तीन गोष्टी: आर्सेनिक, लोखंड (फेनॅन्थ्रोलिन घालून, नारिंगी रंग), आणि ओआरपी मीटर (आकडा जितका खाली, तितकी पाण्यात हवा कमी). ग मधे ओआरपी उणे १८० मिलिव्होल्ट, नारिंगी रंग संत्र्यासारखा गडद. ख मधे ओआरपी अधिक ९०, फिकट नारिंगी. क मधे ओआरपी सगळ्यात वर. लोखंड त्याच्या आंबट पाण्यातही आहे, पण गंज भरपूर शिल्लक आणि आंबटपणात तो आर्सेनिकला आणखी घट्ट धरतो.

म्हणजे दिसायला सगळ्यात घाण नळी आर्सेनिकच्या बाबतीत सगळ्यात बरी. बाकी बाबतींत नाही. त्या आंबट पाण्यात तांबं, जस्त काय काय उतरलेलं असणार.

२३ मार्च, गावी

आबांना सगळं सांगितलं. त्यांना गाळावर काही उगवत नाही एवढंच लक्षात राहिलं. "डीएपी टाकी दे थोडं, आठ दिनमा हिरवं व्हई जाई."

हसले, आणि मग हसू थांबलं. डीएपीत फॉस्फेट. फॉस्फेट आणि आर्सेनेट (हवा असताना आर्सेनिकचं असणारं रूप) दिसायला जुळे भाऊ, गंजावर दोघांची जागा एकच.

२ एप्रिल

घ नळी राखीव होती ती कामी आली. आबांच्या गोणीतलं चिमूटभर डीएपी पाण्यात विरघळवून घातलं. पुढच्या निथळाला डाग क पेक्षा कितीतरी गडद. हवा होती, गंज शाबूत होता, लोखंड उतरलं नव्हतं. नुसतं एकाने दुसऱ्याला बाकावरून ढकललं.

आबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "मंग कांदाले टाकतस ते?" कांद्याच्या वावरात ढकलायला आर्सेनिकच नाही आबा, टाका खुशाल.

चुन्याचंही पुस्तकात सापडलं. तांबं-जस्ताच्या गाळात चुना घातला की धातू बसतात, म्हणून आंबट गाळ दिसला की पहिला विचार चुन्याचा. आर्सेनिकचं उलट आहे. आंबट गाळात ते लोखंडाशी मिळून स्कोरोडाइट नावाचं हिरवट खनिज करतं. पीएच वर चढवला की ते खनिज मोडतं, आणि आठच्या पुढे गंजाची पकडही ढिली होते. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. मी ग मधे माती घातली तेव्हा शेणखतासोबत तेही घातले होते.

८ एप्रिल

प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र थंड व्हायला नळाचं पाणी मागतं, आणि नळाला पाणी नाही.

अशा उन्हात कॅनडातल्या जायंट माइनबद्दल वाचत होते. यलोनाइफ गाव, १९४८ ते २००४ सोन्याची खाण. तिथे खनिज भाजत असत. भाजलं की आर्सेनोपायराइट मोडतं आणि धुरातून निव्वळ सोमल बाहेर पडतो. तो पकडून खाणीच्याच पोकळ्यांत भरला: २,३७,००० टन. आर्सेनोपायराइट पाण्यात सहजी विरघळत नाही, सोमल विरघळतो. म्हणून आता त्या पोकळ्यांभोवतीचा खडक गोठवून ठेवायचा. जमिनीत उभ्या नळ्या, त्यांतला वायू खालची उष्णता वर आणून हिवाळ्याच्या हवेत सोडतो. कायमचं गोठवणं.

नानांना सांगितलं. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "तठे लाइन जात नही का?" त्या नळ्यांना वीज लागत नाही म्हटल्यावर पटलं.

१६ एप्रिल

मॅडमनी कुठूनतरी आयन-एक्स्चेंजची छोटी काडतुसं मिळवली. आर्सेनेटवर ऋणभार असतो, ते आत अडकतं. आर्सेनाइटवर (हवा नसतानाचं रूप) आपल्या पीएचला भारच नसतो, ते सरळ पार जातं. ग चं पाणी काढून लगेच ढकललं: पलीकडचा डाग जवळपास अलीकडच्याइतकाच. म्हणजे बहुतेक सगळं आर्सेनाइट, दोघांतलं जास्त विषारी.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

गावी. सासरहून बहिणी आल्या, लिंबाला झोका. मायने खापरावर मांडे केले, आमरस.

सकाळी पितरांची घागर पुजली. नवी कोरी घागर, गव्हावर ठेवलेली, पाणी भरून वर आंबा. बाहेरून पाझरत होती आणि पाझरलेल्या ठिकाणी माती गडद लाल. तोही गंजच, भाजलेला. मी एवढा वेळ घागरीकडे बघत बसले की मावशीला वाटलं मला आजीची आठवण आली. आलीही होती, नंतर.

दादा जेवायला आला. त्याचं धुळ्यात एमआयडीसीत लेथचं काम. पंपाच्या बॉडी टर्न करताना निघणारा बिडाचा भुगा भंगारात जातो. म्हटलं मला पाच किलो दे. बीड कोरडंच टर्न होतं, त्याला कूलंटचं तेल लागलेलं नसतं, धुवायची कटकट कमी. स्टीलचा कीस दिला असतास तर सोड्याने धुवत बसले असते. तो म्हणाला, एवढं कळतं तर दुकानात येऊन बस.

५ मे

कल्पना माझी नाही. बांगलादेशातल्या आर्सेनिकवर अबुल हुसाम यांनी लोखंडाच्या भुग्याचा सोनो फिल्टर केला, त्याला २००७ मध्ये अमेरिकेत ग्रेंजर पुरस्कार मिळाला. भांड्यावर भांडं, मधे वाळू आणि लोखंड.

मी कापलेल्या बाटलीत वाळू, बिडाचा भुगा, वाळू असं भरलं आणि ग चं पाणी थेंबथेंब सोडलं. खालचं पाणी आम्ल घालून तपासलं, शिकलेय आता. कागद पांढरा. पुन्हा केलं. पांढरा.

नाना खुश. मी अर्धीच. आर्सेनिक गेलं कुठे? भुग्याच्या गंजात. तो भुगा उद्या कोणी ओल्या उकिरड्यात टाकला तर तिथेही शेण, ओल, बंद हवा. म्हणजे पुन्हा नळी ग.

२० मे

ग चा कॉक उघडला आणि सडक्या अंड्याचा वास. शेजारच्या बॅचने खिडक्या उघडल्या. गंज संपत आल्यावर जिवाणू आता सल्फेटवर उतरले, त्याचा सल्फाइड वायू. काढलेल्या पाण्यात काळे कण, आणि आर्सेनिक मार्चपेक्षा कमी: ०.८ च्या आसपास.

सल्फाइड आर्सेनिकला गंधकात बांधून खाली बसवतो, हरताळाच्याच कुळातलं काहीतरी. सल्फाइड फार झाला तर मात्र आर्सेनिक गंधकासकट पुन्हा पाण्यात जातं. माझी नळी कुठल्या टप्प्यावर आहे ते या किटने कळणार नाही. मॅडम म्हणाल्या, "तेवढंच लिही. पुढचं लिहू नकोस."

ख चं राहूनच जातंय. तिथे गोष्ट संथ आहे: पाणी वर, खत नाही, आर्सेनिक दर महिन्याला थोडं थोडं चढतंय. आम्ल मात्र अजिबात झालं नाही, ज्यासाठी पाणी ठेवलं ते काम झालं. घाईच्या माणसाला हा उपाय यशस्वीच वाटेल.

३ जून

नळ्या उभ्या चिरल्या. दादाने ग्राइंडर आणून दिला, मास्क सगळ्यांना, गाळ आधीच ओला केलेला.

क: वरपासून खालपर्यंत विटकरी पट्टे, भेगांच्या कडेने सगळ्यात गडद.

ख: वर नखाएवढा जाड लाल थर, पाणी आणि गाळ भिडतात तिथे. त्याखाली राखाडी. खालून येणारं लोखंड तिथे हवेला भेटतं आणि थांबतं. त्या पापुद्र्याचा वेगळा नमुना घेतला, आम्लात विरघळवला. डाग चॉकलेटीच्याही पुढे, जवळजवळ काळा.

ग: मातीखाली चार बोटं हिरवट काळं, वास. लाल काहीही उरलं नव्हतं. बोटाने उकरलेला एक गोळा वर्तमानपत्रावर ठेवला होता. जेवून आलो तोवर त्याची वरची बाजू तांबूस पडायला लागली होती.

सगळा गाळ, भुगा, बाटल्या, हातमोजे निळ्या पिंपात. घातक कचऱ्याची गाडी येईपर्यंत पिंप कोरडं आणि सावलीत ठेवायचं. मॅडमनी इंग्रजी लेबल चिकटवलं. ते इथे वाचणार कोण, म्हणून नानांनी खडूने खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: "सोमल. हात लावू नये. पाणी टाकू नये."